कुंडीतले मेहमान

रमजानमध्ये इफ्तारसाठी पुदिन्याच्या जुड्या घरी येतात. पानं चटणीत जातात आणि काड्या कचऱ्यात. त्यातल्या चार-पाच जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि ग्लासभर पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, मग कुंडीत लावा. डोळे फुटलेला आल्याचा तुकडा पावसाळ्याच्या तोंडावर मातीत पुरला, तर हिवाळ्यात पानं पिवळी पडल्यावर ताजं आलं निघतं. कोंब आलेलं रताळं अर्धं पाण्यात बुडवून खिडकीत ठेवलं, की त्याचा हिरवागार वेल घराची शोभा वाढवतो. एक मात्र सांभाळा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालतो. म्हणून दर तिसऱ्या दिवशी पाणी बदला आणि भांडं आतून घासून घ्या.

रोपं वाढली की पाहुणे येतात आणि घरात प्रश्न उभा राहतो: औषध फवारायचं का? आम्हा शिक्षकांनाही पालक हे विचारतात. आम्ही सांगतो, स्वयंपाकघरातल्या कुंडीवर विषारी औषध नको. पुदिना आणि कोथिंबीर आपण कच्ची खातो. नुसतं धुतल्यानं औषध पूर्ण निघेलच असं नाही. शिवाय लहान मुलांचा हात त्याच कुंडीत असतो.

आधी पाहुणा ओळखा. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं, तर ती बहुधा फुलपाखराची अळी असते. पुढे ती हिरवी होते, कोष करते आणि त्यातून फुलपाखरू बाहेर पडतं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा तर आपला मदतनीसच. तो मावा खातो. फवारणीत मावा मरतो, तसा हाही मरतो. मग मावा पुन्हा आला, की त्याला खाणारा कुणी उरत नाही.

मावा दिसला तर पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याची जोरदार धार सोडा. पिठ्या ढेकूण ओल्या कापडानं पुसून काढा. रोप लहान असेल आणि अळ्या फार असतील, तर त्या अलगद उचलून मोठ्या झाडावर सोडा. मोठ्या कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटते.

आपण लावलेल्या रोपातून पाखरानं खाल्लं, तरी तो सदका ठरतो, हे आपण मुलांना शिकवतो. ते प्रत्यक्ष दाखवायला गच्चीतली एक कुंडी पुरे. उद्या कढीपत्त्यावर अळी दिसली, तर बाटली शोधण्याआधी मुलांना हाक मारा. कोष फुटेपर्यंत रोज बघू द्या.