रीमॅपच्या आधी ट्रिम वाचा

‘रीमॅप मारून घे, मग पिकअप बघ!’ गाडीवेड्या पोरांच्या कट्ट्यावर हे वाक्य हमखास कानावर पडतं. इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकातले, म्हणजे ईसीयूमधले आकडे बदलणं म्हणजे रीमॅप. लॅपटॉप जोडायचा, जुनी फाइल काढायची, नवी भरायची, झालं काम. या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग नेमका हाच. कुठला आकडा का बदलायचा हे कळणं अवघड, आणि नवशिक्यानं सुरुवात तिथूनच करावी. तीही एकाही आकड्याला हात न लावता.

कार्बोरेटरच्या काळात मिस्त्री हेच काम जेट बदलून आणि डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून करायचे. १९६७ साली बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक यंत्रणा फोक्सवॅगनच्या गाडीत आली आणि पेट्रोल किती सोडायचं हे इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवू लागलं. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत बॉशच्याच मोट्रॉनिकनं इंधन आणि ठिणगी, दोन्ही खाती एका डिजिटल संगणकाकडे दिली. मूळ मांडणी आजही बरीचशी तीच आहे.

ईसीयूच्या पोटात तक्ते असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार. १६ बाय १६ चा तक्ता असेल तर चौकटी झाल्या २५६. इंजिन ज्या स्थितीत असेल त्या चौकटीतला आकडा उचलायचा. स्थिती अधलीमधली असेल तर शेजारच्या चार चौकटींवरून हिशेब काढायचा. जमिनीच्या रेडी रेकनरसारखंच हे, फक्त सेकंदाला कित्येकदा उघडलं जाणारं. एक तक्ता पेट्रोलचा, एक ठिणगीच्या वेळेचा, शिवाय थंड इंजिनासाठी, गरम हवेसाठी वेगळे.

ठिणगीचा तक्ता जरा जवळून पाहू. ३००० आरपीएमला क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेरे घेतो. म्हणजे एका फेऱ्याला २० मिलिसेकंद आणि एका मिलिसेकंदात १८ अंश. ठिणगी पडली की मिश्रण एकदम भडकत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. तो दोन मिलिसेकंद धरू. तेवढ्यात शाफ्ट ३६ अंश फिरलेला असतो. दाब शिगेला पोचायला हवा तो पिस्टन माथ्यावरून साधारण १५ अंश पुढे गेल्यावर. म्हणजे ठिणगी टाकायची माथ्याच्या २१ अंश आधी. आता ६००० आरपीएमला हेच गणित करा. उत्तर येतं ५७ अंश. प्रत्यक्षात एवढं लागत नाही, कारण वेग वाढतो तशी सिलिंडरमधली हवा जास्त घुसळली जाते आणि ज्योतही जोरात धावते. किती जोरात, ते कागदावर कळत नाही. म्हणून डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, गाडी चढवून प्रत्येक चौकट मोजावी लागते.

ठिणगी फार आधी पडली तर दाब नको तेव्हा वाढतो आणि कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपसूक पेट घेतं. हेच नॉकिंग. वरच्या गिअरमध्येच गाडी घाट चढवू पाहणाऱ्यांना ती खणखण ठाऊक असेल. ते टिपायला इंजिनाच्या ब्लॉकवर पिझोइलेक्ट्रिक सेन्सर बसवलेला असतो. तो ओरडला की ईसीयू ठिणगी मागे ओढतो. पण कंपनी सगळा भरवसा त्याच्यावर टाकत नाही. मे महिन्यातलं चंद्रपूर, भेसळीचं पेट्रोल, पाच माणसं, टपावर सामान आणि वर एसी चालू, एवढं धरून ती तक्त्यात थोडी जागा राखून ठेवते. रीमॅपमधून मिळणारी जादा ताकद बऱ्याचदा या राखीव साठ्यातूनच काढलेली असते. टर्बो इंजिनात हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे फरक चांगलाच जाणवतो. साध्या पेट्रोल इंजिनाला मात्र हाती लागते ती थोडीशीच वाढ. माझ्या मते त्यासाठी खर्च करण्यापेक्षा चांगले टायर घ्यावेत.

मग नवशिक्यानं करायचं काय? स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ हे मानक सक्तीचं झालं, आपल्याकडे चारचाकींना ते २०१३ पासून लागू झालं. हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर त्यात खोचला की फोनवर आरपीएम, इंजिनाचं तापमान, ठिणगीचे अंश, सगळं दिसू लागतं. या गर्दीत दोन आकड्यांवर नजर ठेवावी: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ किलोला १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर जळणानंतर किती ऑक्सिजन उरला ते सांगतो आणि त्यावरून ईसीयू तक्त्यातल्या आकड्यात टक्क्यांनी भर घालतो किंवा कपात करतो. ही दुरुस्ती म्हणजे ट्रिम; क्षणोक्षणीची ती शॉर्ट टर्म, साठून राहिलेली ती लाँग टर्म. ती शून्याच्या आसपास, पाचेक टक्क्यांत खेळत असेल तर ठीक. दहाच्या पुढे गेली की शोध घ्यायचा. हवेचं वजन मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला ट्रिम १४ आणि २५०० आरपीएमला ३ दिसली, तर सेन्सरच्या पुढे कुठेतरी पाइप फाटून चोरून हवा आत येते आहे असं समजा. आयडलला इंजिन हवा ओढतंच थोडी, त्यामुळे चोरीचा वाटा मोठा ठरतो; वेग वाढला की तीच चोरी किरकोळ होते. उलट, ट्रिम भाराबरोबर वाढत गेली तर फ्युएल फिल्टर किंवा पंपाकडे पाहावं. अशा गाडीला रीमॅप करणं म्हणजे फाटक्या पाइपासाठी संगणक बदलणं. असे प्रकार सर्रास होतात.

ट्रिम वाचता येऊ लागली की २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा परिणामही दिसतो. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे त्याला १ किलोमागे ९ किलोच हवा पुरते. मिश्रणाचं प्रमाण १३.५ च्या आसपास उतरतं. जुना तक्ता हे जाणत नाही, म्हणून ट्रिम अधिककडे झुकते आणि अ‍ॅव्हरेज थोडं पडतं. साखर कारखान्यातून निघालेला हा बदल असा आपल्या डॅशबोर्डखाली टक्क्यांत वाचता येतो.

या छंदाला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या मनमानी फेरफारांना आडकाठी करतं, आणि धूर वाढवणारा रीमॅप पीयूसीलाही अडतो. फोक्सवॅगननं तर कारखान्यातच तक्ते दोन प्रकारचे ठेवले होते. स्टिअरिंग हलत नाही, वेग ठरावीक आहे, अशा खुणांवरून गाडी चाचणीच्या रोलरवर असल्याचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं स्वच्छ चालायचं. २०१५ मध्ये अमेरिकेत हे उघड झालं, तेव्हा जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात अडकल्या. आपल्याकडेही पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या तपासणीनंतर तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

ज्याला खरोखर आकडे बदलून पाहायचेत, त्यानं रोजच्या गाडीवर प्रयोग करू नयेत. आर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारा स्पीडुइनो हा खुला ईसीयू मिळतो. इंजिनाऐवजी त्याला सिम्युलेटर जोडून टेबलावरच आरपीएम वाढवता येतात, चौकटीतला आकडा बदलला की इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहतो तेही बघता येतं. इथे चूक झाली तर पिस्टन वितळत नाही. पुढे खऱ्या गाडीपर्यंत गेलातच, तर मूळ फाइल आधी काढून दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि नवी भरताना बॅटरीला चार्जर लावा. मध्येच व्होल्टेज पडलं तर अर्धवट लिहिलेला ईसीयू इंजिन सुरूच करत नाही, आणि गाडी टो करून न्यावी लागते.