खांदेमळणी आणि कृतज्ञता
पोळ्याच्या आदल्या सायंकाळी मराठवाड्यात, लासूर स्टेशनच्या पंचक्रोशीतही, खांदेमळणी होते. जूच्या घर्षणाने घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांस हळद व तूप चोळून शेतकरी वर्षभराच्या श्रमांची पोच देतो. दुसऱ्या दिवशी, श्रावणी अमावास्येस, त्यांस पुरणपोळीचा घास मिळतो. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्याअभावी अनेकांस बैल विकावे लागले. दावणीस बैल असणे हीच पुढील पेरणीची आशा, हे येथील वृद्धांस निराळे सांगावे लागत नाही. आता पुष्कळशी नांगरट ट्रॅक्टरने होते. तरी घरोघरी मातीचे बैल पुजले जातात. त्या दिवशी शाळा सुटण्यापूर्वी शिक्षकांनी मुलांस ‘आज तुमच्यासाठी कोण राबले?’ एवढेच विचारावे. आईचे नाव पुष्कळदा उशिरा येते, तोवर थांबावे.