घोड्यांची साथ रोखताना

घोड्यांचा फ्लू खोकल्याच्या तुषारांतून झपाट्याने पसरतो. २००८ मध्ये जम्मूजवळील कटरा येथे सुरू झालेली एच३एन८ विषाणूची साथ त्याच वर्षी म्हैसूरपर्यंत पोचली. शर्यतीचे घोडे बेंगळुरू-म्हैसूर ये-जा करत असल्याने बेंगळुरूच्या तबेल्यांना हे अंतर थोडेच.

नव्याने आलेला घोडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा आणि रोज त्याचा ताप मोजावा; खोकल्याआधी बहुधा तापच चढतो. मोतद्दाराच्या हाताचीही जोखीम मोठी असते. तोच खरारा, तोच तोबरा, तीच पाण्याची बादली दहा घोड्यांना फिरली, की विषाणूला वेगळ्या वाहनाची गरज उरत नाही. म्हणून प्रत्येक घोड्याचे साहित्य स्वतंत्र हवे, आणि आजारी घोड्याचे काम सर्वांत शेवटी.

फ्लूवर लस आहे, ग्लँडर्स या घोड्यांच्या जिवाणूजन्य रोगावर नाही. नाकातून चिकट स्राव आणि कातडीवर गाठी-व्रण ही त्याची लक्षणे. हा जिवाणू माणसालाही बाधतो. संशयित घोड्याचे रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जाते. निदान पक्के झाल्यास घोड्याला वेदनारहित मरण द्यावे लागते. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार संशय येताच ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे मालकावर बंधनकारक आहे.