लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी

लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी : साधारणतः ६०० ते १,००० यार्ड (सु. ५५० ते ९१४ मी.) अंतरावरील स्थिर लक्ष्यावर आटेदार नळीच्या बंदुकीने नेम साधण्याचा क्रीडाप्रकार. काही स्पर्धा १,२०० यार्डांवरही होतात. या प्रकारात बंदुकीच्या शक्तीपेक्षा प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच सुटण्याला, म्हणजे एकरूपतेला, अधिक महत्त्व असते. त्यामुळे अनेक नेमबाज स्वतःची काडतुसे स्वतः भरतात. या प्रक्रियेस हातभरणी असे म्हणतात.

इतिहास : गोळीच्या गतीचे शास्त्रशुद्ध मापन प्रथम इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्झ (१७०७–५१) यांनी केले. १७४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात टांगलेल्या लंबकावर गोळी झाडून तिचा वेग काढण्याची पद्धत वर्णिली आहे. आटेदार नळीचे श्रेष्ठत्वही त्यांनी प्रतिपादिले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत ते भारतात आले व कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावले.

क्रीडा म्हणून लांब पल्ल्याच्या नेमबाजीस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संघटित रूप आले. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे ब्रिटिश नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचे उद्‌घाटन व्हिक्टोरिया राणीने केले. यांत्रिक बैठकीवर बसविलेल्या व्हिट्वर्थ रायफलीतून तिने झाडलेली गोळी ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या केंद्रापासून सु. ३ सेंमी. अंतरावर लागली. १८९० पासून या स्पर्धा बिझ्ली येथे भरतात. अमेरिकेत लाँग आयलंडवरील क्रीडमूर येथे सप्टेंबर १८७४ मध्ये आयरिश व अमेरिकन संघांत ८००, ९०० व १,००० यार्डांवर सामना झाला. आयरिश संघाच्या बंदुका तोंडाकडून भरावयाच्या, तर अमेरिकन संघाच्या मागून भरावयाच्या होत्या. अमेरिकन संघाने ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी विजय मिळविला. या सामन्यात एका आयरिश नेमबाजाची गोळी चुकून शेजारच्या लक्ष्यावर लागली होती. पाल्मा या नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा १८७६ पासूनच्या परंपरेतील असून तीही याच तीन अंतरांवर होते.

अचूकतेचे माप : विखुरण कोनात मोजतात व त्यासाठी कोन-मिनिट (अंशाचा साठावा भाग) हे एकक वापरतात. १०० मी. अंतरावर एक कोन-मिनिट म्हणजे सु. २.९ सेंमी. आणि १,००० यार्डांवर सु. २६.६ सेंमी. होय. अमेरिकन पद्धतीच्या १,००० यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५०.८ सेंमी. असतो. बरोबरीचा निकाल लावण्यासाठी त्याच्या आत २५.४ सेंमी. व्यासाचे आणखी एक वर्तुळ असते.

तीन किंवा पाच गोळ्यांच्या एकाच गटावरून काडतुसाची योग्यता ठरविणे चुकीचे ठरते. एकाच प्रतीच्या काडतुसांचे लागोपाठ काढलेले पाच-पाच गोळ्यांचे गट केवळ योगायोगानेही बरेच लहानमोठे येतात. म्हणून अनेक गटांची सरासरी घेणे आवश्यक असते.

गोळीची गती : उदाहरणार्थ, ७.६२ मिमी. व्यासाची, सु. १० ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. ९०० मी. वेगाने नळीबाहेर पडली, तर १,००० यार्ड जाण्यास तिला सु. दीड सेकंद लागतो. एवढ्या अवधीत ती नळीच्या अक्षरेषेपासून सु. ९ मी. खाली येते. म्हणून नळीचे तोंड तेवढ्या प्रमाणात वर धरावे लागते. अशा नळीतील आट्यांचा एक वेढा ३३ सेंमी. लांबीत पूर्ण होत असेल, तर गोळी मिनिटास १,६०,००० हून अधिक फेरे घेते. या परिवलनामुळे तिचे टोक पुढे राहते. गोळीच्या लांबीनुसार आट्यांचा वेढा किती असावा याचे सोपे सूत्र ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडले. उजव्या वेढ्याच्या नळीतून सुटलेली गोळी परिवलनामुळे १,००० यार्डांवर सु. २० सेंमी. उजवीकडे सरकते, परंतु हे सरकणे दर वेळी सारखेच असल्याने दर्शिकेत त्याची भरपाई करता येते.

गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ (सेकंदास सु. ३४० मी.) उतरला, की तिच्यावरील वायुदाबाची मांडणी बदलते व काही गोळ्या डोलू लागतात. लक्ष्यापर्यंत गोळीचा वेग या मर्यादेच्या वर राहील अशाच गोळीची व वेगाची निवड करतात.

काडतुसातील एकरूपता : काडतुसाचे पितळी पुंगळी, टोपी, धूरविरहित दारू व गोळी असे चार घटक असतात. हातभरणीत वापरलेली पुंगळी स्वच्छ करून साच्यात दाबतात व मूळ मापावर आणतात. नंतर नवी टोपी बसवून तोललेली दारू भरतात व शेवटी गोळी बसवितात. मध्यभागी एकच छिद्र असलेल्या बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीतील जुनी टोपी सहज काढता येते. दोन बारीक छिद्रे असलेल्या बर्डन पद्धतीच्या पुंगळीत ते अवघड असते. यांपैकी पहिली पद्धत इंग्रज व दुसरी अमेरिकन अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. वापर मात्र उलटा असून अमेरिकेत बॉक्सर पद्धतच रूढ आहे.

मुखवेगातील फरक हा उभ्या विखुरणाचा प्रमुख स्रोत होय. वरील उदाहरणात दोन गोळ्यांच्या मुखवेगात सेकंदास १० मी. एवढा, म्हणजे सु. एक टक्क्याचा, फरक पडला, तर १,००० यार्डांवर त्या सु. २० सेंमी. वरखाली लागतात. १०० यार्डांवर मात्र हाच फरक नजरेसही येत नाही. जवळच्या अंतरावर उत्तम ठरलेली काडतुसे लांबवर निराशा करतात, त्याचे एक कारण हे आहे. म्हणून दारू काळजीपूर्वक तोलतात, पुंगळ्या वजनाने निवडतात व त्यांच्या मानेची गोळीवरील पकड सारखी राखतात. वारंवार वापराने पितळ कठीण होते व ही पकड बदलते. मान ठरावीक प्रमाणात तापवून पितळ पुन्हा मऊ करणे हा त्यावरील उपाय होय. गोळी किती खोल बसवावी, म्हणजे आटे सुरू होतात त्या जागेपासून तिचे अंतर किती असावे, हे प्रत्येक बंदुकीसाठी प्रयोगाने ठरवितात.

गोळीतील दोषांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील फ्रँक्लिन मान यांनी अनेक वर्षे केला व त्यावरील ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षावर नसणे व तिच्या तळाशी व्यंग असणे ही विखुरणाची मोठी कारणे आहेत, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले.

वारा : आडव्या वाऱ्याने होणारे विचलन गोळीच्या एकूण उड्डाणकालावर अवलंबून नसून हवेच्या रोधामुळे तिला झालेल्या विलंबावर अवलंबून असते. वरील गोळीने निर्वातात हे अंतर सु. एका सेकंदात कापले असते. हवेत तिला दीड सेकंद लागतो. या अर्ध्या सेकंदाच्या विलंबास वाऱ्याच्या वेगाने गुणले असता विचलन मिळते. सेकंदास केवळ १ मी. वेगाचा, गालाला जेमतेम जाणवणारा आडवा वारा गोळीस सु. अर्धा मी. बाजूला नेतो. नेमबाज निशाणांची फडफड व दुर्बिणीतून दिसणाऱ्या मृगजळाचा प्रवाह पाहून वाऱ्याचा अंदाज घेतात.

विखुरणाची स्वतंत्र कारणे सरळ बेरजेने एकत्र येत नाहीत. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे लागते. समजा, बंदूक व काडतूस यांमुळे १५, नेमबाजामुळे २० व वाऱ्याच्या चुकीच्या अंदाजामुळे ४० सेंमी. विखुरण होते. एकूण विखुरण सु. ४७ सेंमी. येते. काडतुसाचा दोष निम्मा केला, तर ते ४५ सेंमी. पर्यंतच उतरते, वाऱ्याची चूक निम्मी केली, तर ३२ सेंमी. होते. हातभरणीच्या परिश्रमांचे खरे मूल्य यावरून कळते. काडतुसावर विश्वास असल्यास गोळी बाजूला लागण्याचे कारण नेमबाज वाऱ्यात शोधू शकतो. तो नसल्यास प्रत्येक चूक संदिग्ध राहते व तिच्यापासून काही शिकता येत नाही.

स्पर्धांचे नियम : स्वतः भरलेली काडतुसे वापरू द्यावीत की नाहीत, याविषयी दोन परंपरा आहेत. अमेरिकेत ती नेमबाजाच्या कौशल्याचाच भाग मानली जातात. ब्रिटिश परंपरेत आयोजकांनीच सर्वांना सारखी काडतुसे पुरविण्याची प्रथा पडली. तिच्यामुळे साधनांची विषमता कमी होते. पण काडतुसांचा दोष सर्वांनाच सोसावा लागतो. कॅनडातील जॉर्ज फार्कर्सन यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या एफ-क्लास प्रकारात बंदुकीस टेकू व दुर्बीण वापरता येते. तेथे लक्ष्यवर्तुळे लहान असल्याने काडतुसाच्या गुणवत्तेस विशेष महत्त्व आले आहे.

सुरक्षितता : ७.६२ मिमी. काडतुसातील दाब ४,००० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सु. चार हजार पट जातो व तो नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर निर्माण होतो. दारूचा प्रकार चुकणे, एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणे किंवा अधिक वेगाच्या मोहाने प्रमाण वाढविणे यांमुळे बंदूक फुटून अंधत्व वा मृत्यू ओढवू शकतो. दारू मूळ डब्यातच ठेवणे, एका वेळी एकच प्रकार मेजावर असणे व उत्पादकाने प्रसिद्ध केलेली मर्यादा न ओलांडणे हे नियम म्हणून अनिवार्य मानतात. उन्हाने तापलेल्या काडतुसात दाब वाढतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

भारतातील स्थिती : शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ५ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. त्यामुळे हातभरणी भारतात छंद म्हणून रुजलेली नाही. लष्करी काडतुसांचे उत्पादन महाराष्ट्रात खडकी (स्थापना १८६९) व वरणगाव (जि. जळगाव) येथील कारखान्यांत होते, २०२१ पासून ते म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहेत. भारतीय नेमबाजांचे प्रमुख यश ५० मी. अंतरावरील प्रकारांत आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले, तर कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. या प्रकारांतील ०.२२ इंची काडतुसांत स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेत असते. त्यामुळे ती व्यवहारतः पुन्हा भरता येत नाहीत. तेथे निरनिराळ्या उत्पादन-गटांची काडतुसे स्वतःच्या बंदुकीतून झाडून सर्वांत एकरूप गट निवडणे हाच मार्ग असतो.