दोरीचा वळ आणि कोपराचा कोन

तिरंदाजी शिकायला लागलेल्या मुलाच्या डाव्या हातावरचा वळ लगेच ओळखू येतो. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, हाताच्या आतल्या बाजूला, लांबट. आधी लालभडक, दुसऱ्या दिवशी जांभळा, मग कडांनी हिरवट-पिवळा होत जाणारा. घरचे घाबरतात आणि मैदानावरचे जुने खेळाडू पाठ थोपटतात: ‘आता खरा तिरंदाज झालास!’ ही शाबासकी प्रेमाची असली, तरी चुकीची आहे. तो वळ म्हणजे उभे राहण्यात, धनुष्य धरण्यात किंवा धनुष्याच्या जुळणीत काहीतरी चुकले असल्याची खूण असते. ती वेळीच वाचली, तर पुढची कित्येक वर्षे खेळ सरळ जातो.

वळ मिरवण्याच्या समजुतीला महाभारताचा आधार दिला जातो. विराटाच्या दरबारात बृहन्नडा होऊन राहताना अर्जुनाला दोन्ही हातांवरच्या दोरीच्या खुणा लपवायच्या होत्या आणि त्यासाठी त्याने हातभर बांगड्या भरल्या. मग अर्जुनालाच घट्टे पडले, तर आपल्याला का पडू नयेत? पण त्याच परंपरेतले धनुर्धर हाताला गोधा नावाचे चामड्याचे वेष्टण बांधत, हेही महाकाव्येच सांगतात. त्याहून जुन्या ऋग्वेदात, सहाव्या मंडलाच्या ७५व्या सूक्तात, दोरीचा मार अडवणाऱ्या हस्तघ्नाचे वर्णन आहे. तो सापासारखा हाताभोवती वेटोळे घालतो. हात वाचवण्याची काळजी इतकी जुनी आहे.

इथूनच दुसरी समजूत सुरू होते: आर्मगार्ड, म्हणजे हाताला बांधायचा पट्टा, बांधला की प्रश्न मिटला. आर्मगार्ड हवाच. मोठमोठ्या स्पर्धांतले अनुभवी खेळाडूही तो बांधतात, नवशिक्याने तर त्याशिवाय एकही बाण सोडू नये. मात्र त्याने थांबते ती वेदना. दोरी हाताला लागतच राहते, फक्त ती लागल्याचे कळेनासे होते. इंग्लंडच्या रॉजर अ‍ॅस्कमने १५४५ साली धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ लिहिला. हाताच्या पट्ट्याचे उपयोग सांगून झाल्यावर त्याने आपले मत दिले, की दोरी हाताला शिवणारच नाही इतका बाक धनुष्याला द्यावा, म्हणजे पट्ट्याची गरजच उरणार नाही. पावणेपाचशे वर्षांनंतरही या मतात दुरुस्ती करावी असे फारसे काही नाही.

शिवाय दोरी हाताला घासली की नुकसान फक्त कातडीचे होत नाही. दोरीची दिशा ढळली की बाणाचीही ढळते. कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ८ सेंटीमीटर व्यासाचे असते. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत १५पैकी १५ बाण त्या वर्तुळात मारले आणि १५० विरुद्ध १४९ असे सुवर्ण जिंकले. त्याच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी महिलांमध्ये जगज्जेती झाली. एका गुणाने सुवर्ण ठरते, तिथे दोरीने बाही जरी चाटली तरी हातचे पदक जाऊ शकते.

मुळात दोरी हाताकडे येतेच कशी? बोटांनी सोडलेली दोरी सरळ रेषेत पुढे जात नाही. बोटांच्या टोकांना वळसा घालताना ती किंचित आतल्या बाजूला, म्हणजे धनुष्य धरलेल्या हाताकडे झुकते आणि मग पुढे झेपावते. टोके पुढे वळलेल्या रिकर्व्ह धनुष्याचा बाण ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो, त्यामुळे दोरीचा वेगही तसाच. त्या वाटेत कोपराचा फुगवटा आला की फटका बसतो. बोटे सैल सोडण्याऐवजी दोरी बाहेर ओढून सोडण्याची सवय असेल, तर हा झोल आणखी वाढतो.

खरी गोम कोपरात आहे. हात सरळ ताणला की बहुतेकांच्या कोपराचे टोक जमिनीकडे राहते, आतली घडी आकाशाकडे वळते आणि हाताचा मांसल भाग दोरीच्या वाटेत येतो. ज्यांचे कोपर सरळ रेषेच्याही पुढे वाकते, त्यांना हा त्रास जास्त होतो. लहान मुलांत आणि मुलींत अशी लवचीक कोपरे अधिक दिसतात. त्यावरून ‘हिचा हातच तिरंदाजीचा नाही’ असा निकाल देणारे लोक भेटतात. हा निकाल साफ चुकीचा आहे. हात तोच ठेवून कोपर फिरवता येते.

ते शिकायला दाराची चौकट पुरते. खांद्याच्या उंचीवर तळवा चौकटीला टेकवायचा, बोटे वर. तळवा जागचा न हलवता फक्त कोपर असे फिरवायचे, की खाली असलेले टोक बाहेरच्या बाजूला जाईल आणि आतली घडी उभी दिसेल. ही हालचाल खांद्यातून होते. सुरुवातीला तळवाही सोबत फिरतो, खांदा कानाकडे चढतो. खांदा खाली दाबून रोज थोडा वेळ हे केले, की काही आठवड्यांत हाताला सवय लागते. कोपर फिरले की दोरी आणि हात यांच्यामध्ये उघड दिसणारी फट तयार होते.

दोरी लागण्यावर ‘हात थोडा वाकवून धर’ हा सोपा सल्ला सर्रास दिला जातो. वळ त्याने थांबेलही, पण धनुष्याचा सगळा ताण हाडांऐवजी स्नायूंवर येतो, हात थरथरतो आणि दर बाणाला खेच कमी-जास्त होते. हात सरळच हवा, फक्त फिरवलेला.

वळ कुठे उमटला, हे नीट पाहावे. कोपराजवळ असेल, तर बहुधा कोपर फिरलेले नाही. मनगटाजवळ असेल, तर मूठ आणि ब्रेस हाइट तपासायची. धनुष्य मुठीत आवळून धरले की मनगट आत वळते. दाब अंगठ्याखालच्या उंचवट्यावर यावा, बोटांची पेरे साधारण ४५ अंशांत तिरकी राहावीत आणि बोटे सैल असावीत. धनुष्य पडेल ही भीती वाटत असेल, तर बोटांत अडकवायची स्लिंग त्यासाठीच असते. ब्रेस हाइट म्हणजे मुठीच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंतचे अंतर. ६८ इंची रिकर्व्हला ते साधारण साडेआठ ते साडेनऊ इंच ठेवतात. ते कमी पडले, तर बाण सुटल्यावर दोरी मनगटाच्या फार जवळ येऊन थांबते. दोरीला काही पीळ जास्त दिले की अंतर वाढते. वळ पडणाऱ्या प्रत्येक मुलाला रागावण्याआधी प्रशिक्षकाने मोजपट्टी काढावी. कधी कधी दोष मुलाचा नसतोच.

जड धनुष्याने हात लवकर तयार होतो, ही समजूत तर सगळ्यात महागात पडते. न पेलणारे धनुष्य ओढताना खांदा वर चढतो, छाती पुढे येते आणि सगळे अंग दोरीच्या वाटेत जाते. नवशिक्या मुलांसाठी १६ ते २० पाउंड ताणाचे धनुष्य पुरेसे आहे. छाती किंवा खांदा आड येत असेल, तर पुढचा पाय थोडा मागे घेऊन उघड्या पवित्र्यात उभे राहावे. ढगळ बाह्या वर बांधाव्यात.

‘मार खाल्ल्याशिवाय शिकत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी फटका बसलेल्या मुलाचा पुढचा बाण बघावा. सोडण्याच्या क्षणी तो डोळे मिटतो, डावा हात आखडतो, धनुष्य बाजूला झटकतो. वळ आठ-पंधरा दिवसांत जातो. ही दचकण्याची सवय मात्र काढता काढता नाकी नऊ येतात. त्यामुळे लागोपाठ दोनदा दोरी लागली, तर त्या दिवशी बाण थांबवावेत. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेकावे. सूज वाढली, बोटांना मुंग्या आल्या किंवा हाड दुखू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. परत सुरुवात करताना आधी रबरी पट्टा ओढून कोपर तपासावे आणि कुणाला तरी समोरून मोबाइलवर चित्रण करायला सांगावे. मग हलके धनुष्य घेऊन चार-पाच मीटरवरून, लक्ष्याचा कागद न लावता, नुसत्या गवताच्या गादीवर बाण सोडावेत. नेम धरायचा नसला की सगळे लक्ष हाताकडे राहते.