कण्यातील जंतूचे नाव



ताप आणि पाठदुखी यांवर आपल्याकडील पहिला उपाय म्हणजे दुकानातून आणलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या. एरवी हे कदाचित निभावूनही जाते; कण्याच्या बाबतीत मात्र ही घाई फार महागात पडते. ते कसे, एवढेच सांगण्याचे मी आज योजिले आहे.

प्रौढ माणसाच्या दोन मणक्यांमधील चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. रक्तातून आलेले जंतू आधी चकतीलगतच्या हाडात ठाण मांडतात व तेथून चकतीत शिरतात. औषधालाही रक्ताचीच वाट; म्हणून तेथे ते सावकाश पोहोचते. पाच दिवसांत ताप उतरतो, जंतू मात्र शिल्लक राहतात.

मग औषध किती दिवस द्यावे? फ्रान्समध्ये ३५९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवडे व बारा आठवडे असे दोन गट केले होते. दोहोंत सुमारे ९१ टक्के रुग्ण बरे झाले. म्हणजे सहा आठवडे पुरतात. पण हे रुग्ण पू करणाऱ्या जंतूंचे होते, आणि तो जंतू आधी ओळखलेला होता. आपल्या देशात कण्याचा क्षय विपुल. त्याला अनेक औषधे मिळून वर्षभर किंवा अधिक काळ द्यावी लागतात. कच्च्या दुधातून होणाऱ्या ब्रुसेलोसिसची औषधे निराळी, मुदत साधारण तीन महिन्यांची. म्हणून आधी रक्ताचे कल्चर, त्यातून उलगडा न झाल्यास सुईने मणक्यातील नमुना, आणि मग औषध.

हे मी चुकून शिकलो. उमेदवारीच्या काळात एका शिक्षकांना मी नमुना न घेताच सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिले. त्यांना बरे वाटले, मलाही. हे औषध क्षयाच्या जंतूलाही थोडेफार दबवते, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले नाही. दोन महिन्यांनी ते परतले ते लटपटत्या पायांनी. नमुन्यात क्षय निघाला. पुढे ते चालू लागले, पण काठी सुटली नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही.

अपवाद एकच. पायांतील बळ झपाट्याने घटत असेल, लघवीवरील ताबा सुटला असेल किंवा रक्तदाब घसरत असेल, तर नमुन्यासाठी खोळंबायचे नाही. कल्चरसाठी रक्त काढून लगेच औषध सुरू करायचे, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांना त्याच घटकेला बोलवायचे.