खटल्याआधी केसपेपर

पुण्यात ऑगस्ट 2025 मध्ये यकृत प्रत्यारोपणानंतर आधी पती आणि आठवडाभरात त्याला यकृत देणारी पत्नी गेली. बातमी सगळ्यांनी वाचली, आरोग्य खात्याने रुग्णालयाकडून कागदपत्रे मागवली हेही वाचले. त्या प्रकरणात दोष कोणाचा, की कोणाचाच नाही, हे इथे ठरवण्यात अर्थ नाही. पण अशी बातमी आली की कितीतरी घरांत दडपून ठेवलेला प्रश्न वर येतो: आपल्या माणसाच्या ऑपरेशननंतर जे झाले, त्याबद्दल दाद मागावी का? हा प्रश्न आपण बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने धरतो. नुकसान किती मोठे, डॉक्टर किती तुसडेपणाने बोलले, बिल किती आले, यावर निर्णय होतो. तो व्हायला हवा केसपेपरवर. कारण कायदा वाईट परिणामासाठी डॉक्टरला जबाबदार धरत नाही. जे करायला हवे होते ते केले नाही आणि त्यामुळेच हानी झाली, एवढे जोडून दाखवता आले तरच धरतो.

हे जोडून दाखवणे म्हणजे काय, हे कळायला एक कोकणातले प्रकरण पुरेसे आहे. वकिलांना ते पाठ असते, बाकी कोणाला फारसे माहीत नाही. 6 मे 1953 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या पुळणीवर एका विशीतल्या तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधल्या. 9 मे रोजी त्याला पुण्यात एका शल्यचिकित्सकाकडे दाखल केले आणि त्याच रात्री तो गेला. कारण सांगितले गेले ‘फॅट एम्बॉलिझम’, म्हणजे मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात मिसळून रक्तवाहिनी तुंबणे. मांडीचे हाड मोडल्यावर असे होऊ शकते, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटू शकले असते. न्यायालयांनी मात्र मृत्यूच्या नावापेक्षा त्या काही तासांतल्या कृतीकडे पाहिले. रीतसर भूल नव्हती, मॉर्फियाचे एकच इंजेक्शन होते, आणि तीन मदतनीस घेऊन गरजेपेक्षा जास्त जोर लावून पाय ओढला गेला. खरे कारण त्या ओढाताणीचा धक्का, एम्बॉलिझम हे त्यावरचे पांघरूण, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये कायम केला. भरपाई होती 3,000 रुपये. त्याच निकालात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली आहेत: रुग्ण हाती घ्यायचा का, कोणता उपचार करायचा, आणि तो कसा करायचा, या तिन्ही ठिकाणी वाजवी काळजी. कौशल्य सर्वोच्च दर्जाचे असावे अशी अपेक्षा नाही, पण अगदी खालच्या दर्जाचेही चालणार नाही.

नेमके याच मापाने 2021 मध्ये बॉम्बे हॉस्पिटलविरुद्धचा दावा फेटाळला गेला. 1998 साली महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावला होता. कुटुंबाच्या तक्रारी ऐकताना कोणालाही पटाव्यात अशा होत्या: तपासणीचे यंत्र बंद होते, दुसऱ्यांदा ऑपरेशन करायला थिएटर मोकळे नव्हते, मुख्य शल्यचिकित्सक परिषदेसाठी परदेशी गेले होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 14 लाखांवर भरपाई दिलीही होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पर्यायी तपासणी झाली होती, बाकीचे तज्ज्ञ हजर होते, आणि डॉक्टरने रुग्णाच्या उशाशी चोवीस तास बसावे अशी अपेक्षा धरता येत नाही. मृत्यूपासून निकालापर्यंत 23 वर्षे गेली. यात त्या कुटुंबाचा राग खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण गैरसोयींची यादी कितीही लांब असली, तरी तिची बेरीज करून निष्काळजीपणा होत नाही.

म्हणून आधी संपूर्ण फाइल. डिस्चार्ज कार्ड हा सारांश असतो, आणि सारांश लिहिणाऱ्याच्या सोयीचा असतो. खरी गोष्ट असते भुलीच्या तक्त्यात, ऑपरेशनच्या नोंदीत आणि सगळ्यांत जास्त नर्सच्या वेळेनिशी लिहिलेल्या नोंदींत: रक्तदाब कधी घसरला, डॉक्टरांना कधी कळवले, ते कधी आले. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने तीन वर्षे जपून ठेवायची असतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायची असतात. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. कागद नंतर बदलले जातात, अशी शंका अनेकांना असते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. अर्ज लवकर करण्याचे तेच कारण. मागूनही न देणारे रुग्णालय पुढे आयोगासमोर अडचणीत येते, कारण दडवलेल्या कागदाचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावला जाऊ शकतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की फाइल वाचणार कोण? डॉक्टर डॉक्टरविरुद्ध बोलत नाहीत. खरे आहे, साक्षीला फारसे कोणी उभे राहत नाही. पण पहिल्या टप्प्यावर साक्ष नको असते, वाचन हवे असते. दुसऱ्या शहरातल्या, त्याच शाखेतल्या डॉक्टरला ‘चूक कोणाची’ असे विचारले तर तो गप्प बसेल. ‘या तासाला तुम्ही काय केले असते’ असे विचारले तर बहुधा बोलेल. त्याचे उत्तर ‘हेच केले असते’ असे आले, तर ते कितीही कडू वाटले तरी थांबण्यासारखे कारण आहे. शिवाय प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले. याचे जुने उदाहरण: औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 साली नसबंदीच्या शस्त्रक्रियेत पोटात कापड राहिले आणि ती स्त्री दगावली. तिथे घटनाच बोलत होती. मोफत उपचार असल्यामुळे अशा रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा बंद असतो, दिवाणी दाव्याचा नसतो. त्या कुटुंबाचा दावा 1996 पर्यंत चालला.

फाइलमधला एक कागद नातेवाईक पाहतच नाहीत, कारण सही त्यांचीच असते: संमतीपत्र. सही केली म्हणजे हात बांधले गेले, हा समज साफ चुकीचा आहे. दिल्लीतल्या एका स्त्रीने दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संमती अपुरी ठरवली. रुग्ण सज्ञान होती, जीव धोक्यात नव्हता, तिला शुद्धीवर येऊ देऊन विचारता आले असते. भरपाई 25,000 रुपये आणि फी माफ, म्हणजे फारच थोडी. पण तत्त्व मोठे आहे.

पोलीस ठाण्याची घाई मात्र मला पटत नाही. 2005 पासून फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते. भरपाई त्यातून सहसा मिळत नाही. वैद्यक परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पैसे तीही देत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोगच तुलनेने स्वस्त: भरलेले बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कच नाही. मुदत दोन वर्षांची. फाइल मिळवायला आणि वाचून घ्यायला ती पुरते, रेंगाळायला पुरत नाही.

गोव्यातल्या सरकारी रुग्णालयातल्या एका परिचारिकेचे पित्ताशयाचे ऑपरेशन 1993 मध्ये झाले. पोटदुखी नऊ वर्षे राहिली, तिच्यापायी रजा घ्याव्या लागल्या. 2002 मध्ये पोटात गॉझ सापडले, तक्रार 2004 मध्ये दाखल झाली. स्वतः परिचारिका असून इतकी वर्षे त्याच डॉक्टरांना परत का विचारले नाही, असा सवाल करून सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. गॉझ पोटात राहिलेच कसे, यावर सुनावणी झालीच नाही.